धड आणि खंडित मूर्ती

वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेत वर्षअखेरीस विद्यार्थ्यांच्या चित्रांचे व शिल्पांचे प्रदर्शन मांडले जाते. मूळचे गोमंतकातले, परंतु दीर्घकाळ वडोद्यास स्थायिक झालेले आमचे एक वयोवृद्ध स्नेही ते पाहून आले आणि काहीशा त्राग्याने म्हणाले, "इतकी धडे कशाला हो मांडून ठेवतात? ना मस्तक, ना हात. आमच्या देवळात अशी मूर्ती निघाली तर आम्ही ती विसर्जित करू." प्रश्न भाबडा वाटेल. आम्हांस मात्र तो पुष्कळशा छापील कलासमीक्षेहून मोलाचा वाटला, कारण तो विचारणाऱ्याने शिल्पे खरोखरच पाहिली होती.

खंडित मूर्तीचे वैगुण्य पूजेच्या संदर्भातले आहे. जी अखंड होती व अखंड असावयास हवी, ती भंगली म्हणून ती पूजेस अपात्र ठरते. शिल्पशाळेतील धड मुळी भंगलेलेच नसते. ते तेवढेच घडविलेले असते. विद्यार्थ्यास मस्तक व हात वर्ज्य करावयास लावले की, चेहऱ्याच्या गोडव्याआड लपण्याची सोय त्यास उरत नाही. कमरेचा बाक, एका पायावर आलेला भार, बरगड्यांखाली आत वळणारे पोट, एवढ्यावरच देह उभा आहे की नुसता टेकवून ठेवला आहे, हे ठरते. आणि हे ओळखण्यास विद्यापीठाची पदवी लागत नाही. त्रिभंगात उभा असलेला वेणुगोपाल ज्याने जन्मभर पाहिला, त्याच्या डोळ्यास भार कोठे पडतो हे आपोआप कळते. आमच्या स्नेह्यांनीच पुढे बोलता बोलता सांगितले की, त्या धडांपैकी एक "चालेलसे वाटत होते" आणि बाकीची "मातीची मातीच". आमचाही अनुभव याहून वेगळा नाही. अशा प्रदर्शनांत दहांतील आठ कामे अभ्यासाची असतात आणि ती तशीच पाहावयाची असतात.

गोमंतकातील वाचकांस तर हे विस्ताराने सांगण्याची गरज पडू नये. चतुर्थीपूर्वी चित्रशाळेत आपण जातो. अजून रंग न चढलेले गणपती रांगेने मांडलेले असतात. कोणाची सोंड ओली, कोणाचा हात लावावयाचा राहिलेला. आपला पाट आधीच देऊन आलेला यजमान तेथे हात जोडून उभा राहत नाही. पोट अंमळ मोठे करा, डोळे नीट उघडा, गेल्या वर्षीचा अधिक सुबक होता, असे तो बेधडक बोलतो, आणि चित्रकारही ते ऐकून घेतो. त्या घटकेस यजमान हा टीकाकार असतो. घरी प्राणप्रतिष्ठा झाली की टीका संपते व भक्ती सुरू होते. प्रदर्शनाचे दालन ही चित्रशाळा आहे, देव्हारा नव्हे, एवढा भेद ध्यानी ठेवला तर कित्येक गैरसमज टळतील.

सगळेच टळतील, असे मात्र आम्ही म्हणत नाही. विद्यार्थी जेव्हा देवाचेच रूप हाती घेतो, तेव्हा पाहणारा आपली श्रद्धा दाराबाहेर चपलांपाशी ठेवून येत नाही. २००७ साली नेमके हेच झाले. परीक्षेसाठी मांडलेल्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या कामांतील हिंदू देवता व ख्रिस्त यांच्या चित्रणास आक्षेप घेण्यात आला आणि ९ मे २००७ रोजी त्यास अटक झाली. निषेधार्थ इतर विद्यार्थ्यांनी प्राचीन भारतीय शिल्पांतील शृंगाराची चित्रे मांडली. तेही प्रदर्शन बंद करण्यात आले आणि प्रभारी अधिष्ठाते शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. ती चित्रे आम्ही पाहिलेली नाहीत, म्हणून त्यांच्या गुणदोषांविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. पाहिली असती तर कदाचित ती आम्हांस मुळीच रुचली नसती. तथापि ती उत्तरपत्रिका होती. तिला किती गुण द्यावयाचे, की शून्य द्यावयाचे, हे परीक्षकाने ठरवावयाचे. आणि भक्ताचे मन दुखावले असेल तर त्याने ते चित्रासमोर उभे राहून चित्रकारास ऐकवावयाचे. चित्रशाळेतला यजमान हेच करतो. तो तेथे शिपाई घेऊन जात नाही.

विद्यार्थ्यांच्याही पदरात काही घालणे भाग आहे. देऊळ, कमळ, कुंकवाचा पट्टा, घंटा ही चित्रात आणून ठेवली की काम भारतीय झाले, हा समज अलीकडच्या विद्यार्थी-प्रदर्शनांत फार आढळतो. येथे न पाहताच वापरण्याचा दोष आहे, आणि तो न पाहताच रागावणाऱ्याच्या दोषाहून फारसा निराळा नाही. १९५० साली ही शाखा सुरू झाली, तेव्हा इंदूरचे ना. श्री. बेंद्रे चित्रकला व शंखो चौधुरी शिल्पकला शिकवीत. पुढे के. जी. सुब्रह्मण्यन् यांनी विद्यार्थ्यांचे लक्ष कुंभार, विणकर व खेळणी करणारे यांच्या हातांकडे वळविले. १९६१ पासून भरू लागलेल्या ललितकला मेळ्यांत शिक्षक व विद्यार्थी यांनी स्वतः खेळणी घडविली. परंपरा हातात धरून पाहण्याची ही रीत होती. चिकटवलेल्या घंटेत ती नाही.

विद्यार्थ्याच्या हातून काय होऊ शकते, याचे मराठी वाचकांस ठाऊक असलेले उदाहरण गणपतराव म्हात्रे यांचे. 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प त्यांनी १८९६ च्या सुमारास, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना प्लॅस्टरमध्ये घडविले. देवळाच्या वाटेने निघालेली नऊवारीतली तरुणी. देऊळ शिल्पात कोठेही नाही, देवही नाही. पावलांवरून व लुगड्याच्या निऱ्यांवरून ती कोठे निघाली आहे ते कळते.

आमच्या स्नेह्यांस आम्ही हे सारे ऐकविले. ते पुढील वर्षी प्रदर्शनास पुन्हा जाणार आहेत आणि ते "चालेलसे" धड ज्या मुलाने केले त्यास शोधून काढणार आहेत. शिल्पांखालच्या चिठ्ठ्या गुजराती व मराठीतही असाव्यात, एवढी त्यांची मागणी आहे, आणि ती आम्हांस रास्त वाटते.