चाहत्याचा राग आणि त्याचा पत्ता



या मालेत आपण कवितेवर बोललो, नाटकावर बोललो. आज आम्ही एका वेगळ्याच गोष्टीची समीक्षा करणार आहोत. हरत चाललेल्या संघाचा चाहता जे बोलतो, ओरडतो, चिडतो, त्या बोलण्याची. कोणी म्हणेल, त्यात काय समीक्षा करायची? पण चाहता रोज समीक्षाच करत असतो. कोणाला खेळवलं, कोणाला बसवलं, बॉल कोणाच्या हातात दिला, यावर पारावर जेवढी चर्चा होते तेवढी आपल्याकडे पुस्तकांवर होत नाही. (हशा) तेव्हा ही समीक्षा चांगली कधी असते आणि वाईट कधी, हे तपासायला हवं.

तपासायला आम्ही एकच महिना घेतो. मार्च २०२४.

१४ मार्चला वानखेडे स्टेडियमवर रणजी करंडकाची फायनल संपली. मुंबईविरुद्ध विदर्भ. पहिल्या डावात विदर्भ १०५ वर बाद झाला होता, आणि जिंकायला ५३८ धावा हव्या होत्या. कर्णधार अक्षय वाडकरनं १०२ केल्या, हर्ष दुबेनं ६५. पाचव्या दिवशी सकाळचं सगळं सत्र या दोघांनी खेळून काढलं. मग डाव कोसळला, ३६८ वर संपला, आणि आपण १६९ धावांनी हरलो.

बरोबर दहा दिवसांनी, २४ मार्चला, अहमदाबादेत मुंबई इंडियन्सचा आयपीएलचा हंगाम सुरू झाला. गुजरातविरुद्ध ते सहा धावांनी हरले. त्या पराभवापासून जो राग सुरू झाला, तो मे महिन्यापर्यंत थांबला नाही. १४ पैकी चारच सामने जिंकून, दहा संघांत दहावा क्रमांक घेऊन, हंगाम संपला.

आता आम्ही इथल्या तरुण पोरांना विचारतो. यातला कोणता पराभव तुमच्या जिवाला लागला? हात वर करायची गरज नाही. आम्हाला उत्तर माहीत आहे, तुम्हालाही आहे.

बुलढाणा जिल्हा विदर्भात आहे. इथल्या पोरानं मोठं क्रिकेट खेळायचं म्हटलं तर त्याची वाट विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे नागपूरकडे जाते. मुंबईकडे जात नाही. तरी राग येतो तो मुंबईच्या पराभवाचा. त्यात गंमत बघा. अहमदाबादच्या त्या सामन्यात शेवटच्या ओव्हरमध्ये मुंबईला १९ धावा हव्या होत्या. हार्दिक पांड्यानं पहिल्या बॉलवर सिक्स मारला, दुसऱ्यावर चौकार, आणि तिसऱ्यावर तो बाद झाला. बॉलर कोण होता? उमेश यादव. विदर्भाकडून खेळत कसोटी संघात गेलेला पहिला माणूस. आपल्या माणसानं बाद केलं, आणि वाईट आपल्यालाच वाटलं! (हशा)

यात दोष देण्यासारखं काही नाही. पण कारण समजून घ्यायला हवं. विदर्भाचा संघ रणजीत आला १९५७-५८ मध्ये, आणि पहिली फायनल खेळला ती २०१७-१८ मध्ये. मधली साठ वर्षं कशी गेली? बराच काळ तर खालच्या, प्लेट गटात. दरवर्षी हार, आणि त्या हारीवर कोणी चिडलं नाही. पेपरात आतल्या पानावर चार ओळी यायच्या, लोक पान उलटायचे.

इथे आमचा पहिला मुद्दा आहे. चिडायला आधी आशा लागते. ज्या संघाकडून काही मागायचंच नाही, त्याच्यावर राग कशाला येईल? मुंबई इंडियन्सनं २०१३ ते २०२० मध्ये पाच विजेतेपदं मिळवली. त्यांनी आशेची सवय लावली, म्हणून २०२२ मध्ये ते सुरुवातीचे सलग आठ सामने हरले तेव्हा लोक कळवळले. विदर्भानं साठ वर्षं सवय लावली ती आशा न करण्याची. म्हणून आम्ही म्हणतो, चाहत्याचा राग ही संघाची बदनामी नसते, ती संघाची कमाई असते. संघाला खरी भीती वाटली पाहिजे ती गप्प बसलेल्या प्रेक्षकाची.

म्हणजे राग चांगलाच, असं झालं का? नाही. आता तो राग उघडून आत बघू. त्यात दोन वेगवेगळे आवाज होते.

पहिला आवाज असा. "अरे, बुमराले पयले बॉल काऊन नाही देला?" अहमदाबादेत हार्दिकनं नवा बॉल स्वतः घेतला. जसप्रीत बुमरा नंतर आला आणि त्यानं १४ धावांत तीन बळी घेतले. २७ मार्चला हैदराबादेत तर कहर झाला. सनरायझर्सनं २७७ धावा केल्या, तोपर्यंतची आयपीएलमधली सगळ्यात मोठी धावसंख्या. त्यात पहिल्या दहा ओव्हरमध्ये बुमराला एकच ओव्हर मिळाली होती. यावर जो चिडला, त्यानं काहीतरी पाहिलं होतं. त्याच्याकडे पुरावा होता, आणि ज्यानं निर्णय घेतला त्यालाच तो प्रश्न विचारत होता. ही उत्तम समीक्षा आहे. ती वऱ्हाडीत केली म्हणून कमी ठरत नाही.

दुसरा आवाज हुर्योचा. १ एप्रिलला हंगामातला पहिला घरचा सामना, वानखेडेवर, राजस्थानविरुद्ध. नाणेफेकीला हार्दिक आला आणि स्टेडियमनं त्याची हुर्यो उडवली. अजून एक बॉल पडायचा होता. सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना सांगावं लागलं की जरा नीट वागा. मग सामना सुरू झाला आणि मुंबईची अवस्था ४ बाद २० झाली.

या हुर्योमागे दुखणं होतं, हे आम्ही मान्य करतो. पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला बाजूला करून १५ डिसेंबर २०२३ ला हार्दिकला कर्णधार जाहीर केलं गेलं. लोकांना वाटलं, आपल्याला कोणी विचारलं नाही. खरंच कोणी विचारलं नव्हतं. पण तो निर्णय घेतला कोणी? संघाच्या मालकांनी आणि व्यवस्थापनानं. ते काही नाणेफेकीला मैदानात उभे नव्हते. जो उभा होता, त्याच्यावर सगळं पडलं.

मंडळी, ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. सोयाबीन घेऊन आपण बाजार समितीत जातो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव जाहीर झाला ४८९२ रुपये क्विंटल, आणि बाजारात त्याच्या खाली बोली लागत राहिली. राग येणारच. पण तो निघतो कोणावर? काट्यावरच्या मापाऱ्यावर. भाव त्यानं ठरवलेला नसतो. आयात-निर्यातीचं धोरण त्याच्या हातात नसतं. पण तो समोर असतो, म्हणून शिव्या त्याला. ज्यानं ठरवलं तो निवांत असतो. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या रागाचा सगळ्यात मोठा फायदा बरोबर पत्त्यावरच्या माणसाला होतो. वानखेडेवर हेच झालं.

आणि त्या हुर्योचं वजन किती होतं, ते तीन महिन्यांत कळलं. २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या फायनलमध्ये शेवटची ओव्हर हार्दिकनं टाकली. दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या, भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला संघाची मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून वानखेडेवर पोहोचली, तेव्हा त्याच स्टेडियममध्ये हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. लोकांचं मन मोठं म्हणून माफ केलं, असं वाटू शकतं. आम्हाला तसं वाटत नाही. एप्रिलमधली हुर्यो आणि जुलैमधला जयघोष एकाच जातीचे होते. दोन्हींत निर्णयाचा विचार नव्हता, फक्त निकालाचा होता. बुमराचा प्रश्न मात्र एप्रिलमध्ये जितका खरा होता तितकाच जुलैमध्येही खरा राहिला. विश्वचषक जिंकल्यानं तो खोटा ठरला नाही. चांगल्या टीकेची ही खूण आहे. निकाल बदलला तरी ती टिकते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तिकीट काढून आलेल्या माणसाला ओरडायचा हक्क नाही का? आहे. "नीट वागा" हे काही त्याच्या दुखण्यावरचं उत्तर नव्हे. पण हक्क आहे एवढ्यानं भागत नाही. हक्क वापरून काय पदरात पडलं, तेही विचारायला हवं.

यासाठी जरा बाहेर बघू. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचं प्रचंड वेड आहे. हा फुटबॉल म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचा. काही विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये लाखावर माणूस बसतो. तिथे हंगाम वाईट गेला की एकच मागणी होते, प्रशिक्षकाला काढा. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं जिम्बो फिशर यांना काढलं. करार मध्येच मोडल्यामुळे त्यांना द्यायची रक्कम साडेसात कोटी डॉलरहून जास्त होती, म्हणजे सहाशे कोटी रुपयांच्या वर. असला करार कोणी केला, हा प्रश्न प्रशिक्षकाच्या हुर्योत बुडून जातो.

आता उलट उदाहरण. १८ एप्रिल २०२१ ला युरोपातल्या बारा श्रीमंत फुटबॉल क्लबांनी आपापली वेगळी सुपर लीग जाहीर केली. इंग्लंडमधले चाहते रस्त्यावर आले. चेल्सीच्या मैदानाबाहेर त्यांनी संघाची बस अडवली. पण त्यांची मागणी खेळाडूंविरुद्ध नव्हती, मालकांविरुद्ध होती. दोन दिवसांत इंग्लंडच्या सहाही क्लबांनी माघार घेतली. राग तोच, गर्दी तीच, फक्त पत्ता बरोबर होता.

मग देऊळघाटच्या चाहत्यानं काय करायचं? मुंबई इंडियन्सच्या मालकांपर्यंत आपला आवाज जाणं कठीण आहे. तिथे आपण ग्राहक आहोत, सभासद नाही. पण विदर्भाचं तसं नाही. आता विदर्भाकडून आशा करायला कारणही आहे. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज बाहेरून आला, फैज फजलनं नेतृत्व केलं, आणि इंदूरच्या फायनलमध्ये रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेऊन दिल्लीला गुंडाळलं. १ जानेवारी २०१८ ला पहिला रणजी करंडक आला. पुढच्या वर्षी दुसरा. २०२४ ला वानखेडेवर हरलो, आणि २०२५ ला सेमीफायनलमध्ये त्याच मुंबईला नागपुरात ८० धावांनी हरवून, फायनलमध्ये केरळवर पहिल्या डावाची आघाडी घेऊन तिसरा करंडक मिळवला. हर्ष दुबेनं त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम.

हा संघ आता रागावण्याच्या लायकीचा झाला आहे. म्हणून आमचं म्हणणं आहे, की यावर रागवा. १०५ वर डाव का कोसळला, ते विचारा. त्याहून मोठा प्रश्न हा, की बुलढाणा जिल्ह्यातली किती पोरं त्या संघापर्यंत पोहोचतात, आणि नसतील पोहोचत तर का? निवड चाचणीची खबर गावात वेळेवर येते का? टेनिस बॉलवर रात्रीच्या स्पर्धा गाजवणाऱ्या पोराला लेदर बॉल, मॅटिंग आणि शिकवणारा माणूस कितव्या वर्षी भेटतो? सामन्याला नागपूरला जायचं तर साडेतीनशे किलोमीटरच्या खर्चाचं काय?

या प्रश्नांना पत्ते आहेत. काही जिल्ह्याच्या ठिकाणी, काही नागपुरात. हे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण आपला सगळा राग एप्रिल-मे महिन्यात टीव्हीसमोर खर्च होऊन जातो. पुढचा रणजी हंगाम सुरू होईल तेव्हा विदर्भाचा निदान एक सामना शेवटपर्यंत बघा. हरले तर चिडा. चिडल्यावर आधी शोधा, हे कोणी ठरवलं. आणि मग त्याच्याच नावानं लिहा.

आता प्रश्न घेऊ. बुमराचा सोडून. (हशा)