खोट्या माणसांची फौज

फेब्रुवारी २०२३ मध्ये १०० हून अधिक पत्रकारांनी ‘स्टोरी किलर्स’ ही वृत्तमाला प्रसिद्ध केली. २०१७ साली बंगळूरमध्ये खून झालेल्या गौरी लंकेश यांचे काम पुढे न्यावे, हा तिचा हेतू.

तीतला आपल्या इस्राएलचा भाग वाचून मान खाली गेली. मोदीइनमधल्या एका कचेरीतून ‘टीम जॉर्ज’ ही मंडळी ३०,००० हून अधिक खोटी माणसे पैसे घेऊन नाचवीत. चेहरे खऱ्या माणसांचे चोरलेले! प्रमुखाने आरोप नाकारले आहेत.

तीन पत्रकार गिऱ्हाईक बनून तेथे गेले. म्हणजे त्यांनीही सोंगच घेतले, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. सोंग उतरवून त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले. खोट्या माणसाला उतरवायला सोंगाखाली कोणी नसतेच.

एक गोष्ट मात्र खटकली. ‘३३ निवडणुकांत हात घातला, २७ ठिकाणी यश आले’ ही त्यांची फुशारकी बातम्यांत वारंवार आली. औषध विकणाऱ्याने सांगितलेला गुण आम्ही नर्सेस रोग्याच्या तक्त्यावर लिहीत नसू. अशा बढाईने गिऱ्हाइके वाढतात.

तरी ही वृत्तमाला घरोघरी वाचावी. आलेला निरोप पुढे धाडण्याआधी बोलणारा कोण, एवढे आपण विचारू लागलो तरी पुष्कळ झाले.