‘कन्टेम्प्च्युअस’ आणि ‘तुच्छ’ : एक अर्थविचार

चिखलदरा या स्थलनामाचा संबंध लोकपरंपरेने कीचकाशी जोडला आहे. भीमाने कीचकास मारून येथील दरीत फेकले व भीमकुंडात हात धुतले, अशी आख्यायिका आहे. ‘कन्टेम्प्च्युअस’ हे इंग्रजी विशेषण शिकविताना हाच कीचक उपयोगी पडतो. भर सभेत सैरंध्रीला लाथ मारणाऱ्या कीचकाची वृत्ती ‘कन्टेम्प्च्युअस’, तर त्याचे कृत्य ‘कन्टेम्प्टिबल’ होय. पहिल्या शब्दाने तिरस्कार करणाऱ्याचे वर्णन होते. दुसऱ्याने तिरस्कारास पात्र असलेल्याची निंदा होते. विद्यार्थी मात्र दोहोंसाठी ‘तुच्छ’ लिहितात.

अर्थात, हा गोंधळ केवळ आपल्याच विद्यार्थ्यांचा नव्हे. 1600 साली छापल्या गेलेल्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये शेक्सपिअरने इतरांची टर उडविणाऱ्या बेनेडिकच्या स्वभावासाठी ‘कन्टेम्प्टिबल’ हाच शब्द योजला आहे. पुढे इंग्रजीत भेद पक्का झाला. मराठीतही ‘तिरस्कारपूर्ण’ व ‘तिरस्करणीय’ अशी साधने आहेत. अडचण आहे ती ‘तुच्छ’ या सोयीच्या शब्दाची.

खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (1907) या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन ओळखला आणि 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. सत्याचा सर्वोच्च आदर्श ही बऱ्याच अंशी पाश्चात्त्य कल्पना आहे, असे कर्झनने 1905 च्या कलकत्ता विद्यापीठातील दीक्षान्त भाषणात म्हटले होते. त्या भाषणाचा सूर ‘तुच्छ’ म्हटला, तर आपण त्यावर निवाडा देतो. त्यातील वृत्तीचे वर्णन राहूनच जाते.

मेळघाटात हा प्रश्न व्याकरणापुरता उरत नाही. ‘कोरकू’ या शब्दाचा त्या भाषेतील अर्थच ‘माणसे’ असा आहे. त्यांना कोणी ‘जंगली’ म्हणतो, तेव्हा तो शब्द कोरकूंपेक्षा बोलणाऱ्याविषयीच अधिक सांगतो. ‘अधिकारी कोरकूंविषयी कन्टेम्प्च्युअस होता’ या आशयाच्या इंग्रजी वाक्याचे भाषांतर एका उत्तरपत्रिकेत ‘अधिकाऱ्याला कोरकू तुच्छ होते’ असे आढळले. वाक्य मराठी वळणाचे आहे, गुणही मिळाले असतील. पण मुळात अधिकाऱ्याला लावलेले विशेषण येथे कोरकूंना जाऊन चिकटले. अशा ठिकाणी विशेषणाचा हट्ट सोडून क्रियापद घ्यावे, असे आमचे मत आहे : ‘अधिकारी कोरकूंना तुच्छ लेखीत असे.’ ‘तुच्छ’ शब्द राहिला तरी लेखणारा कोण, हे या वाक्यात लपत नाही.