ग्रंथालय की साचा?

संगणकाच्या तासाला 'लायब्ररी' हा शब्द आला, की आपण मुलांना ग्रंथालयाचे उदाहरण देतो. हे उदाहरण निम्मेच खरे आहे.

कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तकाची एक प्रत अनेक वाचकांच्या उपयोगी पडते. लिनक्समधील सामायिक लायब्ररी बरीचशी अशीच असते. फाइल उघडणे, मजकूर छापणे अशा कामांची एकच प्रत संगणकावर असते आणि शेकडो प्रोग्रॅम ती वापरतात; इथे पाळी लावावी लागत नाही, एवढाच फरक. त्या प्रतीतील चूक एकदा सुधारली, की प्रोग्रॅम पुन्हा सुरू होताच सर्वांना लाभ होतो. मात्र सुधारणाच चुकली, तर सगळेच अडतात.

एनपीएम किंवा पिप या पॅकेज व्यवस्थापकांची रीत वेगळी. तिथे प्रत्येक प्रकल्पाला हव्या त्या आवृत्तीची स्वतंत्र प्रत देता येते. एकाचा बिघाड दुसऱ्याला बाधत नाही. येथे ग्रंथालयापेक्षा शिरोलीच्या फाउंड्रीचे उदाहरण जुळते: साचा दुरुस्त केला, तरी आधी ओतलेले भाग दुरुस्त होत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावा लायब्ररीतील गंभीर दोष उघड झाला. सुधारित आवृत्ती लगेच निघाली. पण जुन्या प्रती कोणकोणत्या प्रोग्रॅमांच्या पोटात आहेत, हे शोधण्यात महिने गेले.

शिवाय पॅकेज सहसा एकटे येत नाही. ते आपले सोबती घेऊन येते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज लेखकाने एका वादातून काढून घेतले आणि ते परत ठेवेपर्यंत जगभरचे कितीतरी प्रकल्प अडून राहिले.

मग सामायिक पद्धत निर्धोक आहे का? तसेही नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीत, विश्वास संपादन केलेल्या सहकाऱ्यानेच चोरवाट ठेवल्याचे आढळले. लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असे आंद्रेस फ्रॉइंड यांना वाटले, म्हणून ती सापडली.

तेव्हा 'सोयीचे कोणते?' एवढाच प्रश्न अपुरा आहे. दुरुस्ती कोण करणार आणि ती माझ्यापर्यंत कशी पोहोचणार, हे विचारायला हवे. पायथनमध्ये आलेखासाठी मॅटप्लॉटलिब बसवताना पडद्यावर उमटणारी नावे मुलांना वहीत उतरवायला सांगावीत. आपण मागवले एक, आले किती? त्यांतील प्रत्येकाची काळजी कोण घेते? उत्तरे शोधताना मुलांना उसनवारीची खरी किंमत कळेल.