दौलताबादचे चित्र, दौलताबादचा हौद

जुनी सचित्र प्रवासवर्णने विकत घेण्याचा नाद आपल्या माणसाला परवडणारा नाही आणि परवडला तरी शोभणारा नाही, असे माझे एक मित्र मला नेहमी ऐकवतात. ते चळवळीतले आहेत, त्यांना रागावण्याचा हक्क आहे. साहेबांनी साहेबांसाठी काढलेली ही पुस्तके, ती आज बंगल्यांतल्या दिवाणखान्यांत जाऊन बसतात. त्यांच्यामागे तू का धावतोस, हा त्यांचा सवाल. सवाल खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर द्यायचे तर आधी हा व्यवहार कसा चालतो ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे या पुस्तकांविषयी जे काही लिहिले जाते ते एकतर गतकाळाच्या उमाळ्याने लिहिले जाते, नाहीतर न पाहताच झिडकारले जाते.

या बाजारात पुस्तकाचा भाव चित्रांवर ठरतो. थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांचे ‘ओरिएंटल सीनरी’ १७९५ ते १८०८ या काळात निघाले, त्यात १४४ चित्रे आहेत. मुंबईच्या फौजेतला कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याने पश्चिम हिंदुस्थानची दृश्ये, पोशाख आणि वास्तू यांचे पुस्तक १८२६ ते १८३० च्या दरम्यान भागाभागांनी काढले, त्यात ३६. ही चित्रे अ‍ॅक्वाटिंट पद्धतीची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने छटा खाऊन काढलेली आणि छापून झाल्यावर हाताने रंगवलेली. तेव्हा गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो ‘प्लेटा पुऱ्या आहेत का?’ असा. मग कागदावर तांबूस डाग किती, रंग त्याच काळचे की मागाहून भरलेले, कडा कातरल्या आहेत का, हे बघितले जाते. जाणते गिऱ्हाईक कागद उजेडाला धरते. त्या काळच्या कित्येक कागदांत जलचिन्हाबरोबर सनही असतो. मुखपृष्ठावर एक साल आणि चित्राच्या कागदात त्याच्या दहा वर्षे पुढचे साल निघाले, म्हणजे प्रत मागाहून छापलेली हे उघड होते. जे. आर. अ‍ॅबी नावाच्या इंग्रज संग्राहकाने अशा पुस्तकांची यादी १९५६-५७ साली दोन खंडांत छापली. दुकानदार आजही तिच्यातला क्रमांक मंत्रासारखा सांगतात. हे सारे मला अमान्य नाही. वस्तू पारखून घ्यावी.

पण मजकुराची पाने पुरी आहेत का, हे विचारणारा माणूस मी या बाजारात क्वचितच पाहिला. आणि याच्याच पोटी दुसरा धंदा चालतो. चांगल्या पुस्तकाची संपूर्ण प्रत लाखांच्या घरात जाते, ती घेणारा वर्षातून एखादा भेटतो. तेच पुस्तक उसवून एकेक चित्र चौकटीत बसवले की प्रत्येकाला निराळे गिऱ्हाईक मिळते आणि सगळी बेरीज पुस्तकाच्या किमतीपेक्षा वर जाते. मग सुरी चालते. चित्रे भिंतीवर जातात, उरलेला मजकूर दोरीने बांधून कोपऱ्यात पडतो.

अशाच एका कोपऱ्यातून मी जेम्स फोर्ब्सच्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’चा पहिला खंड उचलला. दुकानदाराने तो वजनावर दिला नाही एवढेच. दर मात्र जवळजवळ रद्दीचाच लावला. मूळ पुस्तक १८१३ चे, चार जाडजूड खंडांचे. फोर्ब्स १७६५ साली सोळाव्या वर्षी कंपनीचा कारकून म्हणून मुंबईस निघाला. मुंबई, केरळातले अंजुतेंगु, गुजरातेतले भडोच आणि डभोई येथे नोकरी करून १७८४ साली परत गेला. त्याला चित्रकलेचे वेड होते. पक्षी, फुले, फळे, देवळे, जे दिसेल ते तो काढीत असे. पुस्तकातली पक्ष्यांची आणि फुलांची रंगीत चित्रे इतकी देखणी आहेत की त्यांच्यावर सुरी चालावी यात नवल नाही. माझ्या खंडात एकही उरलेले नाही.

मजकूर मात्र जागच्या जागी आहे. मलबारच्या वर्णनात फोर्ब्स पुलया लोकांविषयी लिहितो. इतर जातींच्या हवेतसुद्धा त्यांनी येऊ नये, सार्वजनिक रस्त्याने त्यांनी चालू नये, चुकून रस्त्यावर असताना ब्राह्मण किंवा नायर लांबून दिसला तर त्यांनी ओरडून त्याला सावध करावे आणि स्वतः दूर व्हावे नाहीतर झाडावर चढून बसावे, असा तिथला दंडक तो नोंदवतो. नायराने वाटेत गाठ पडलेल्या पुलयाला कापून टाकले तरी ती साधी गोष्ट मानली जाई, हेही तो सांगतो. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. प्रवासवर्णन म्हणजे काय, याविषयी आपण मराठीत पुष्कळ चर्चा केली आहे. निसर्ग, निवेदकाचे व्यक्तिमत्त्व, लालित्य वगैरे. पण रस्त्याने चालण्याचा अधिकार आहे हे त्या साऱ्या चर्चेत गृहीत धरलेले असते. ज्याला रस्ताच नाही त्याने प्रवासवर्णन कसे लिहावे?

फोर्ब्सला मी डोक्यावर घेत नाही. तो कंपनीचा माणूस, महसूल गोळा करणारा. पुलयांची त्याला दया आली, पण त्याच्या कंपनीने त्या रस्त्यावर पुलयाला उभे केले असे काही पुस्तकात नाही. हिंदूंना ख्रिस्ती करणे हा त्याला सुचलेला उपाय; त्यासाठी त्याने १८१० साली वेगळे पुस्तक लिहिले. तरीही त्याने पाहिले ते लिहून ठेवले, हे खरे. म्हणून आवृत्तीची चौकशी करावी लागते. १८३४ साली त्याच्या मुलीने चार खंडांचे दोन करून दुसरी आवृत्ती काढली आणि चित्रे निराळी बांधली. कापाकापी कुठे झाली हे न पाहता ती आवृत्ती घेणे म्हणजे दुसऱ्याने चाळलेले धान्य न बघता घरात आणणे. आपल्याकडचेच उदाहरण द्यायचे तर गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला तो स्वतःच्या हाताने फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली दिला. जुन्या आवृत्तीला संग्राहक अधिक पैसे मोजतात. वाचकाला नवी अधिक उपयोगी.

आता चित्रांकडे वळतो. या पुस्तकांतल्या दृश्यांत मधोमध किल्ला, लेणे नाहीतर घाट असतो आणि पुढच्या कोपऱ्यात चार माणसे असतात. कोणी ओझे घेऊन उभा, कोणी बसलेला, कोणी बैलामागे चाललेला. किल्ला किती उंच आहे हे कळावे म्हणून ती तिथे ठेवलेली असतात. कलासमीक्षक त्यांच्या रंगसंगतीवर लिहितात. ती कोण आहेत हे चित्राखाली लिहिलेले नसते. वेरूळच्या लेण्यांचे २४ चित्रांचे पुस्तक १८०३ साली निघाले. त्यावर नाव रेखाटने करणाऱ्या जेम्स वेल्सचे आणि ती कोरून घेणाऱ्या थॉमस डॅनियलचे. पुण्याचा गंगाराम तांबट हा कारागीर घराण्यातला चित्रकार पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील मॅलेटसाठी आणि वेल्सबरोबर काम करीत होता. वेरूळची त्याची स्वतःची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गंगाराम नाही. ज्याच्या हातात लेखणी-कुंचला होता त्याची ही गत, तर कोपऱ्यातल्या ओझेवाल्याचे काय विचारायचे?

दख्खनमध्ये तो ओझेवाला कोण असणार हे आपल्याला सांगायला नको. सरकारी माणसाचे सामान या गावच्या शिवेपासून पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणे, वाट दाखवणे, घोड्यासमोर धावणे हे महाराचे वतनी काम होते. ग्रिंडलेने हिंदुस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांच्या प्रवासाची, सामानाची आणि पैशाअडक्याची व्यवस्था पाहणारी पेढी १८२८ साली लंडनमध्ये काढली. तीच पुढे ग्रिंडलेज बँक झाली. लंडनच्या टोकाला सामानाची पावती फाटत होती. या टोकाला तेच सामान आमच्या आजा-पणज्याच्या डोक्यावर होते, वेठीने. बाबासाहेबांनी या वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले.

ग्रिंडलेच्या ३६ चित्रांत एक दौलताबादचे आहे. ते सुटे चित्र, काचेच्या चौकटीत, मला एका दुकानात दाखवण्यात आले. सुंदर आहे. मी बराच वेळ पाहत राहिलो हे कबूल करतो. खिशात पैसे असते तर कदाचित त्या दिवशी घेतलेही असते. पाहता पाहता माझ्या डोक्यात १९३४ साल आले.

त्या वर्षी बाबासाहेब चळवळीतल्या तीसएक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. दरवाजाजवळ पाण्याने भरलेला छोटा हौद होता, तिथे त्यांनी हातपाय-तोंड धुतले. रमजानचा महिना होता. एक म्हातारा मुसलमान धेडांनी हौद बाटवला म्हणून ओरडत आला, जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती आत कुठे पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि अट पाळली जाते की नाही हे बघायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. विलायतेतून दोन डॉक्टरेट घेऊन आलेला, गोलमेज परिषद गाजवलेला माणूस शिपायाच्या पहाऱ्यात किल्ला पाहतो. ग्रिंडलेच्या चित्राची किंमत करणाऱ्याला हा हौद माहीत नसतो. असण्याचे त्याला कारणही नाही.

हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आहे. ते टिपण बाबासाहेबांच्या हयातीत छापले गेले नाही. पुस्तिकेच्या रूपाने १९९० साली आले आणि पुढे त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात. आपण ते आत्मकथन म्हणून वाचतो. माझे म्हणणे असे की ते प्रवासवर्णन म्हणून वाचले पाहिजे. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेली पोरे, जात कळताच मागे सरकलेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे घेऊनही स्वतः गाडी न हाकणारा गाडीवान, रात्रभर घोटभर पाणी नाही. १९२९ साली चाळीसगावात महाराला टांग्यात कोण बसवणार म्हणून टांगेवाल्यांचा नकार, नवख्या हाती दिलेला टांगा, मोरीच्या दगडांवर आपटून मोडलेला पाय. स्टेशन, गाडी, टांगा, धर्मशाळेसारखी पारशी खाणावळ, किल्ला: प्रवासवर्णनाचे सगळे मुक्काम त्यात आहेत. शिवाय ते लिहिले कोणासाठी? अस्पृश्यता ऐकून माहीत असलेल्या पण तिचा जाच न कळणाऱ्या परदेशी माणसासाठी, असे ते आरंभीच सुचवतात. म्हणजे ज्या वाचकासाठी डॅनियलने आणि ग्रिंडलेने चित्रे छापली त्याच वाचकाला बाबासाहेब शंभर वर्षांनी उत्तर देत होते. त्यांच्या पुस्तकात प्लेटा नाहीत.

आता मित्राचा आक्षेप. जुने पुस्तक घेणे हा अभिजनांचा शौक आहे, असे म्हणणाऱ्याने न्यूयॉर्कमधले बाबासाहेब आठवावेत. विद्यार्थिदशेत, पोटाला चिमटा काढून, त्यांनी तिथल्या जुन्या बाजारातून दोनएक हजार पुस्तके जमवली. १९१७ साली लंडनहून परतताना सामान निराळ्या बोटीने पाठवले, ती बोट टॉर्पेडोने बुडाली. थॉमस कुक कंपनीकडून भरपाई आली ६०० रुपये. तरी हा माणूस थांबला नाही. पुढे पुस्तकांसाठी त्याने दादरला ‘राजगृह’ बांधले. जुन्या पुस्तकांचा रस्ता आपल्याला साहेबाने दाखवलेला नाही.

मात्र काय घ्यावे याविषयी माझे मत कडक आहे. सुटे चित्र घेऊ नये. आपण एक घेतले की दुकानदाराच्या सुरीला पुढचे पुस्तक मिळते. संपूर्ण प्रत परवडत नसेल तर चित्रे गेलेला मजकूर घ्यावा, त्यासाठी कोणी भांडायला येत नाही. बिशप हेबरच्या १८२८ च्या प्रवासवर्णनासारखी पुस्तके पुष्कळ छापली गेली, त्यांचे सुटे खंड अजून आवाक्यात मिळतात. फेरछपाईच्या प्रतींत चित्रे काळपट येतात, त्याला नाक मुरडू नये. आणि घेतलेले पुस्तक वस्तीतल्या वाचनालयात ठेवावे, समासात नोंदी करून. नोंदींनी संग्राहकाची किंमत पडते, ती खुशाल पडू द्यावी.

माझ्या फोर्ब्सच्या खंडात जिथे चित्र होते तिथे कापलेल्या कागदाची बोटभर पट्टी शिलाईत उरली आहे. चित्रे वर्षानुवर्षे समोरच्या पानाला चिकटून राहिल्यामुळे एका पानावर पक्ष्याची फिकट, उलटी छाप उमटली आहे. चोच आणि शेपूट ओळखू येते. पुलयांचा मजकूर असलेली पाने स्वच्छ आहेत. त्या पानांना आधीच्या कोणा वाचकाचे बोट लागल्याचेही दिसत नाही. पुढचे तीन खंड मी शोधतो आहे, चित्रांशिवाय चालतील असे दुकानदारांना सांगून ठेवले आहे.