कचरापत्रांची गाळणी : एका गाजलेल्या निबंधाची फेरतपासणी

स्टाफरूममध्ये ई-मेलचा विषय निघाला की प्रत्येकाचे मत ठाम असते. कुणाला एका कंपनीची सेवा आवडते, कुणाला तिच्या प्रतिस्पर्ध्याची. "माझ्याकडे एकही फालतू जाहिरात येत नाही" हे त्यातले नेहमीचे प्रशस्तिपत्र. आम्हीही ते अनेकदा दिले आहे. पण त्यात एक गफलत आहे. गाळणीतून निसटून आलेला कचरा आपल्याला दिसतो. गाळणीत अडकून पडलेले चांगले पत्र दिसत नाही. जी चूक दिसते तिच्यावरून आपण गाळणीला गुण देतो, जी दिसत नाही ती जमेतच धरत नाही. चुकून नापास झालेल्या मुलाने तक्रार केली नाही, म्हणून पेपरतपासणी निर्दोष ठरवावी, तसाच हा प्रकार.

या न दिसणाऱ्या चुकीला पहिले स्थान देणारा एक निबंध ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखक पॉल ग्रॅहॅम हे अमेरिकेतले प्रोग्रॅमर. मथळ्याचा अर्थ 'स्पॅमसाठी एक योजना' असा होतो. निबंध गाजला आणि त्यावरून अनेकांनी गाळण्या तयार केल्या. संभाव्यता शिकवणाऱ्या शिक्षकाला वर्गात नेता येईल असा इतका मजकूर एका जागी क्वचितच मिळतो. म्हणून तो पुन्हा वाचावा आणि त्यातले काय टिकले, काय टिकले नाही ते पाहावे, असे आम्हाला वाटले.

नावाविषयी दोन शब्द. स्पॅम हे मुळात १९३७ साली अमेरिकेच्या बाजारात आलेल्या डबाबंद मांसाचे नाव. 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींनी १९७० च्या एका प्रहसनात या शब्दाचा इतका घोष केला की दुसरे काही ऐकूच येऊ नये. पुढे नको असलेल्या संदेशांच्या भडिमाराला तेच नाव चिकटले. भडिमार मात्र नाव चिकटण्याआधीच सुरू झाला होता. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठवले. तेच पहिले स्पॅम मानले जाते.

आता निबंधाकडे वळू. ग्रॅहॅम प्रामाणिकपणे सांगतात की सुमारे सहा महिने ते नियम लिहिण्यात गुंतले होते. पत्रात अमुक शब्द असला तर कचरा, तमुक असला तर कचरा, असे ते नियम. सुरुवात फार सोपी वाटते. त्यांच्या संग्रहातली जवळजवळ ८० टक्के कचरापत्रे एकट्या 'क्लिक' या शब्दावरून ओळखू येत होती. पुढची वाट मात्र चढाची होते, आणि प्रत्येक नव्या नियमाबरोबर चांगली पत्रेही सापडू लागतात. तेव्हा त्यांनी नियम सोडले आणि मोजणी धरली. कचरापत्रांचा एक ढीग, चांगल्या पत्रांचा एक ढीग, प्रत्येकी सुमारे ४००० पत्रे. प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते संगणकाने मोजायचे आणि नव्या पत्रातल्या सर्वांत बोलक्या १५ शब्दांवरून निकाल द्यायचा.

मागचे गणित थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचे. त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, प्रत्येक ढिगात १०० पत्रे आहेत. 'बक्षीस' हा शब्द ४० कचरापत्रांत आणि १० चांगल्या पत्रांत आला. मग 'बक्षीस' असलेले नवे पत्र कचरा असण्याची संभाव्यता ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. दोन शब्दांची साक्ष एकत्र करायची तर दोन्ही संभाव्यतांचा गुणाकार एकीकडे आणि त्या १ मधून वजा करून येणाऱ्या संख्यांचा गुणाकार दुसरीकडे ठेवायचा. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागले की उत्तर मिळते. दहावीच्या मुलांना हे सहज जमते.

निबंधाचे खरे मोल या गणितात नाही. बेजचे गणित कचरापत्रांना लावण्याचे काम इतरांनी १९९८ मध्येच केले होते. मोल आहे ते चुकांमध्ये फरक करण्यात. एखादे कचरापत्र निसटले तर एक कळ दाबून ते पुसता येते; चांगले पत्र गेले तर नोकरीची मुलाखत जाऊ शकते. चांगली पत्रे बळी देणाऱ्या गाळणीची तुलना ग्रॅहॅम मुरुमांवरच्या अशा औषधाशी करतात, ज्याने रोगी दगावण्याचा धोका आहे. म्हणून ते चांगल्या ढिगातली मोजणी मुद्दाम दुप्पट धरतात. आपल्या उदाहरणात १० चे २० होतात आणि ०.८ ची संभाव्यता ०.६७ वर येते. शिवाय निकाल ०.९ च्या वर गेल्याखेरीज पत्र अडवायचे नाही. दुप्पट करण्याला गणिती आधार नाही, ती त्यांनी अनुभवाने बसवलेली पाचर आहे. आम्हाला ती आवडली. आरोपीला संशयाचा फायदा देणारे गणित फारसे पाहायला मिळत नाही.

आता आक्षेप. पहिला साक्षीदारांविषयीचा. वरची पद्धत प्रत्येक शब्दाला स्वतंत्र साक्षीदार समजते. प्रत्यक्षात शब्द जोडीने हिंडतात. 'बक्षीस' आले की 'जिंकले' आलेच आणि 'अभिनंदन'ही मागोमाग. समजा, हे तिन्ही शब्द नेहमी एकत्रच येतात आणि प्रत्येकाची संभाव्यता ०.८ आहे. मग खरी साक्ष एकाचीच, उरलेले दोघे त्याचेच म्हणणे पुन्हा सांगणारे. पण सूत्र काय करते? दोन शब्दांना ०.९४ देते आणि तिघांना ०.९८. म्हणजे एका साक्षीदाराने निर्दोष सुटणारे पत्र त्याच साक्षीदाराला दोनदा उभे केल्यावर दोषी ठरते! गावातली अफवा अशीच पक्की होते : एकाकडून ऐकलेली गोष्ट तिघांनी सांगितली की ती तीन ठिकाणांहून कळल्यासारखी वाटते. ही पद्धत तरीही चालते, कारण बहुतेक पत्रे काठावर नसतात. ती ० किंवा १ च्या अगदी जवळ जातात. पण म्हणूनच गाळणीने ०.९८ सांगितले तर त्याचा अर्थ 'अशा १०० पत्रांपैकी ९८ कचरा' असा घेता येत नाही. निबंध वाचणाऱ्याचा मात्र तसाच समज होतो.

दुसरा आक्षेप छोटा, पण परीक्षेत विचारण्याजोगा आहे. ०.८ हे उत्तर दोन्ही ढीग सारखे मोठे धरून आले. समजा, एखाद्याकडे येणाऱ्या १००० पत्रांत कचरा १०० च आहे. मग 'बक्षीस' असलेली कचरापत्रे ४० आणि चांगली ९०. संभाव्यता ४० भागिले १३०, म्हणजे सुमारे ०.३१. शब्द तोच, ढीग तेच, पेटी बदलली एवढेच.

तिसऱ्या आक्षेपासाठी ग्रॅहॅम यांनी जानेवारी २००३ मध्ये लिहिलेला पुढचा निबंध वाचायला हवा. पहिल्या निबंधात त्यांनी एकही चांगले पत्र अडले नसल्याचा दावा केला होता. पुढच्या निबंधात अडलेली तीन पत्रे त्यांनी स्वतःहून मांडली आहेत, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. दोन होती दुकानदार कंपन्यांची पत्रके. तिसरे होते इजिप्तमधल्या कुणाचे तरी, सगळे मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. गाळणीच्या नव्या आवृत्तीत मोठी आणि लहान अक्षरे वेगळी मोजली जात होती आणि मोठ्या अक्षरांत ओरडण्याची सवय जाहिरातवाल्यांची. त्यामुळे ते पत्र पकडले गेले. ग्रॅहॅम यांनी हे पत्र अडणे वाईट झाले असे म्हटले, त्याचे तांत्रिक कारण दिले आणि ते पुढे गेले. आम्हाला तिथेच थांबावेसे वाटते. तीनपैकी जे खरोखर वाचायला हवे होते, ते दूरच्या, वेगळ्या धाटणीने लिहिणाऱ्या माणसाचे होते. यात योगायोग किती? चांगल्या पत्रांचा ढीग ज्याच्या ओळखीच्या माणसांनी भरला आहे, त्याच्या गाळणीला अनोळखी ढंग संशयास्पदच वाटणार. आपण ज्या भाषेत कार्यक्रम लिहितो त्या 'लिस्प' भाषेचे नाव पत्रात असले की ते आपल्यापर्यंत पोचण्याचा जणू परवानाच, असे ग्रॅहॅम यांनीच कौतुकाने लिहिले आहे. ज्यांच्याकडे तो परवाना नाही त्यांचे काय, हा प्रश्न निबंधात येत नाही.

हाच प्रश्न मराठीत आणून पाहू. शब्द म्हणजे काय, हे संगणकाला सांगावे लागते. ग्रॅहॅम यांचा नियम असा : अक्षरे, अंक, जोडरेघ, वर दिलेला स्वल्पविराम आणि डॉलरचे चिन्ह शब्दात धरायचे, बाकी सर्व विभाजक. (रुपयाच्या चिन्हाचा प्रश्नच नव्हता, ते २०१० मध्ये आले.) देवनागरीत मात्रा आणि हलन्त यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि 'अक्षरे व अंक' या व्याख्येत ती बसत नाहीत. पायथन या संगणकभाषेत शब्द वेगळे काढण्यासाठी जी तयार खूण सर्रास वापरतात, तिला 'मराठी' हा शब्द दिला की 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे मिळतात. 'कर्ज' दिला की 'कर' आणि 'ज'. 'करा' आणि 'करू' यांचेही 'कर'च उरते. म्हणजे कर्जाची जाहिरात आणि 'उद्या फोन करा' हा घरचा निरोप यांतला एक तुकडा समान होतो! हा दोष दुरुस्त करता येतो, पण त्यासाठी तो आधी कुणाच्या तरी लक्षात यावा लागतो.

तुकडे नीट पाडले तरी दुसरी अडचण उरते. ग्रॅहॅम एकूण पाचाहून कमी वेळा आलेले शब्द विचारात घेत नाहीत. इंग्रजीत 'स्कूल' आले की ते 'स्कूल'च राहते. आपल्याकडे शाळा, शाळेत, शाळेला, शाळेच्या, शाळेकडून हे सारे वेगळे शब्द मोजले जातात आणि एकेकटा पाचापर्यंत पोचायला वेळ लागतो. शब्द मूळ रूपावर आणून मोजण्याचा मार्ग १९९८ च्या एका गटाने वापरला होता; ग्रॅहॅम यांनी दुसऱ्या निबंधात तो अनाठायी घाई म्हणून निकालात काढला. हजारो इंग्रजी पत्रे हाताशी असलेल्याला ते परवडते. ज्याच्याकडे मराठीतली पन्नास पत्रे आहेत त्याने तसे करू नये. आजच्या मोठ्या सेवा इतक्या साध्या मोजणीवर चालत नाहीत. पत्र कुणी पाठवले, पाठवणाऱ्याची ओळख पटते का, हेही त्या पाहतात. पण ज्या भाषेतली उदाहरणे कमी, त्या भाषेतले अंदाज कच्चे, हा हिशेब पद्धत बदलल्याने संपत नाही.

शेवटचा आक्षेप भाकिताविषयीचा. मजकूर पाहणाऱ्या गाळण्या स्पॅम थांबवू शकतील, कारण प्रतिसाद घटला की हा धंदा परवडणार नाही, असा ग्रॅहॅम यांचा विश्वास होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये अशा एका धंद्याचा हिशेब मांडला. सुमारे ३५ कोटी पत्रे, २६ दिवस, विक्री २८. दर सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक! प्रतिसाद याहून किती घटायचा? पत्र पाठवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असल्यावर गाळणी कितीही बारीक केली तरी पलीकडचा माणूस आणखी पत्रे ओततो. त्यांनी पत्रांच्या शेवटी निरुपद्रवी शब्दांची रास जोडली, मजकुराचे चित्र करून पाठवले. गाळण्या सुधारल्या, ओघ चालू राहिला.

वर्गात हा विषय घ्यायचा तर संगणकाची गरज नाही. मुलांनी घरच्या फोनवरचे संदेश वहीत उतरवून आणावेत, नावे, क्रमांक आणि रकमा गाळून. चिठ्ठ्या करून 'हवे' आणि 'नको' असे दोन ढीग करावेत आणि शब्द मोजावेत. आम्ही हे करून पाहिले तेव्हा मोजणीपर्यंत पोचायला दोन तास लागले, कारण ढीगच ठरेनात. एका शिकवणी वर्गाच्या जाहिरातीची चिठ्ठी सातवीतल्या मुलीने 'नको'त टाकली. दहावीतल्या मुलाने ती उचलून 'हवे'त ठेवली आणि म्हणाला, "सर, याची फी सवलतीची तारीख परवाच आहे, मला हा मेसेज पाहिजे होता." तिने ती परत उचलली. शेवटी चिठ्ठीच्या दोन प्रती केल्या.