पणिक्करांचा महासागर आणि चिंचणीचे ताम्रपट

मंडळी, आज एका जुन्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. सरदार के. एम. पणिक्कर यांचं ‘इंडिया अँड द इंडियन ओशन’, साल 1945. पुस्तक लहान आहे, पण त्याची सावली लांब पडली. हिंदी महासागराबद्दल आपण जे सहज बोलून जातो, त्यातलं बरंचसं त्यात सापडतं.

भूगोल पणिक्करांनी फार सुरेख मांडलाय. अटलांटिक, पॅसिफिक उत्तरेकडे मोकळे. हा महासागर मात्र वर आशियाने झाकलेला, आणि मधोमध आपलं द्वीपकल्प घुसलेलं. जमीन तापते, निवते, म्हणून वारा सहा महिन्यांनी दिशा फिरवतो. एका वाऱ्याने अरबस्तान-आफ्रिकेकडे जायचं, दुसऱ्याने परत यायचं. ‘मॉन्सून’ शब्दाच्या मुळाशी अरबी ‘मौसिम’ आहे. आपला ‘मोसम’ तोच. आपल्या कोळ्यांचा ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’च. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती उपशीर्षकातल्या एका शब्दाशी: ‘प्रभाव’. सागरी सत्तेचा भारतीय इतिहासावरील प्रभाव! हा साचा अमेरिकन नौदल अधिकारी महान यांच्या 1890च्या ग्रंथाचा. या साच्यात समुद्र म्हणजे सत्तेचं मैदान. 1498ला वास्को द गामा आला, समुद्र हातचा गेला, मागोमाग स्वातंत्र्य गेलं. युद्धाच्या धामधुमीत, सिंगापूर पडल्यावर तीन वर्षांनी आलेल्या पुस्तकाने असं म्हणावं, हे समजू शकतं. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला या चित्रात जागा कुठे आहे? तो एक तर जिंकतो, नाहीतर हरतो. तिसरं काही करतच नाही.

आता इथून, बोईसरहून, चिंचणीला चला. तारापूरच्या खाडीपलीकडचं गाव. तिथे सापडलेले ताम्रपट दि. चं. सरकार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्यातला एक शके 848चा, म्हणजे इसवी सन 926, राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातला. संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाणच्या मुलखाचा, अधिपती कोण? ताजिक, म्हणजे अरब. (वर्षफळ मांडणाऱ्या ज्योतिषांचं ‘ताजिक’ही याच शब्दातून आलं, बरं का!) नाव मधुमती. हे मुहम्मदचंच संस्कृत रूप, असं सरकारांचं वाचन आहे आणि ते पटणारं आहे. हा मंडलाधिपती देवी भगवतीच्या मठाला गाव देतो: डागडुजीसाठी, नैवेद्यासाठी, अन्नदानासाठी.

यावर लगेच ‘केवढा सलोखा!’ म्हणून टाळ्या वाजवू नका. त्याच ताम्रपटात त्याने किनाऱ्यावरच्या बंदरांचे अधिपती जिंकल्याचंही लिहिलंय. सत्ता होतीच, तलवारही होती; पणिक्कर तेवढ्यापुरते खरे आहेत. आणि हे ताम्रपट त्यांच्या पुस्तकानंतर उजेडात आले, तेव्हा न पाहिल्याचा दोष त्यांना देता येत नाही. माझा मुद्दा असा, की ताम्रपट जिंकण्यापाशी थांबत नाही. पुढे येतं ते दोन प्रवाहांवरच्या फुकट तरीचं आणि भात, कालवण, तूप मोफत देणाऱ्या सत्राचं वर्णन. राज्यकर्त्याची कीर्ती सांगताना लिहिणाऱ्याला ही तर नोंदवावीशी वाटली. महानच्या साच्यात तरीला खाताच नाही.

तत्त्वज्ञानात आम्ही कारण आणि अट यांत फरक करतो. वारा ही अट आहे. वाऱ्याने गलबत संजाणला येऊ शकतं. आलेल्या परक्याला मंडल द्यायचं की नाही, हे वारा ठरवत नाही. ते कृष्णराज राष्ट्रकूटाने ठरवलं. मठाला गाव द्यायचं, हे मधुमतीने. ‘महासागराचा प्रभाव’ म्हणताना असे निर्णय पाण्याच्या नावावर जमा होतात आणि निर्णय घेणारा नामानिराळा राहतो.

हे शब्दच्छल वाटत असेल तर चिंचणीहून थोडं वर वाढवणला जा. तिथल्या बंदरासाठी पहिला युक्तिवाद कोणता? किनाऱ्याजवळ सुमारे 20 मीटर नैसर्गिक खोली आहे, म्हणून बंदर इथेच. पण ही खोली 1998लाही होती. तेव्हा डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने 2023ला होकार दिला, आणि 30 ऑगस्ट 2024ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. प्रस्तावांचं स्वरूप वेगळं होतं, कायदेशीर बाजू बदललेली होती, हे मान्य. पण समुद्राची खोली काही बदलली नव्हती. मग खोलीने ठरवलं काय? ठरवलं माणसांनी. तेव्हा जाब विचारायचा तो माणसांना: मासेमारीचं क्षेत्र जाईल त्याचं काय, डायमेकरांच्या घरांत वीज-बिल कोण भरणार, भरती-ओहोटीच्या खडकांवर शिंपल्या वेचणाऱ्या बायका कुठल्या नुकसानभरपाईच्या यादीत येतात.

पणिक्कर जरूर वाचा, विशेषतः भूगोलाची पानं. फक्त शेजारी ‘एपिग्राफिया इंडिका’चा 32वा खंड उघडून ठेवा.

आता प्रश्न घेऊ. सातपाटीहून कोणी आलं असेल तर त्यांनी आधी विचारावं, त्यांना परतायला उशीर होतो.